वाकडा ठेका

बस थांबली, मागचं दार उघडलं, जानेवारीचा गार लोट आत शिरला, आणि सेड्रिक माल्तेचा उजवा हात दांडीवरून सुटला नाही. एवढंच झालं. पाय निघाले होते, खांदा दाराकडे वळला होता, आणि हात तेवढा मागे राहिला, दुकानात हट्ट धरून बसलेल्या पोरासारखा. "उतरायचंय की नुसतं दार अडवायचंय?" मागची बाई म्हणाली. तिच्या दोन्ही हातांत पिशव्या होत्या. त्याने हाताकडे पाहिलं. चारी बोटं दांडीभोवती गच्च होती, आणि ती त्याने आवळलेली नव्हती. म्हणजे आवळली होती, मागच्या वळणावर बस घसरली तेव्हा. पण आता त्याने सोडली होती आणि बोटांना ते कळलेलं नव्हतं. मग ती उघडली. एकदम नाही, एकेक करून, सावकाश, दुसऱ्या कुणाची असावीत तशी. तो उतरला. बाई त्याच्यामागून उतरली, "सकाळी सकाळी पितात मेले," असं त्याला ऐकू जाईल इतपत पुटपुटली आणि बर्फातून वाट काढत गेली. सेड्रिक थांब्यावर उभा राहिला. आपल्याला दारुडा समजलं याचा त्याला चक्क दिलासा वाटला.

थंडीने होतं असं. हे वाक्य त्याच्याजवळ कित्येक वर्षांपासून तयारच होतं. हातमोजे घरी राहिले, दांडी लोखंडाची, बाहेर पारा शून्याच्या किती खाली गेलाय ते बघवत नाही. मग बोटं आखडली तर नवल काय? कार्यक्रमाआधी तो नेहमी गरम पाण्याचं घमेलं मागवायचा आणि मनगटांपर्यंत हात बुडवून बसायचा. "सूप उकळलं का?" म्हणून आनूक चिडवायची. आनूक गाते, म्हणजे गाते हा शब्द तिच्या आईला मान्य नाही, पण पोटातून जो आवाज ती काढते त्याला दुसरा शब्दही नाही. एकदा हात तापले की मग सेड्रिक माल्ते हा मॉन्ट्रियलमधला सगळ्यात वेगवान ड्रमवाला होता, हे त्याचे शत्रूही कबूल करत. ग्राइंडकोर म्हणतात त्या प्रकारात गाणं अर्ध्या मिनिटाचं असतं आणि त्या अर्ध्या मिनिटात ड्रमवाल्याला आयुष्यभराचं बडवून घ्यायचं असतं. भांड्यांचं कपाट जिन्यावरून खाली यावं, आणि ते बरोबर तालात यावं. त्याच्या आत्याने एकदाच ऐकलं आणि म्हणाली, "हे गाणं होतं होय? मला वाटलं, गल्लीत बर्फ काढायची गाडी आली." तो हसला होता. हात गरम असले की त्याला सगळ्याचंच हसू यायचं. गरम पाणी, मग दहा मिनिटं नुसता सराव, मग बोटं इतकी मोकळी की वाटावं, कधी अडलीच नव्हती. आणि जी गोष्ट दहा मिनिटांत जाते तिला आजार कोण म्हणेल? डॉक्टरकडे जाऊन हात दाखवून अवलक्षण कशाला? थांब्यापासून स्टुडिओपर्यंत तो दोन्ही हात काखेत घालून चालला, आणि चालताना उजव्या बुटाचं टोक बर्फात रेघ ओढत येतंय हे त्याने पाहिलं नाही. त्या दिवशी तरी नाही.

स्टुडिओ आनूकचाच, सायकल दुरुस्तीच्या दुकानामागच्या खोलीत. लुडोविक आधीच खुर्चीत पसरला होता. गिटार त्याची, गाणी त्याची, बडबडही बहुतेक त्याचीच. "या, राजाधिराज," तो म्हणाला, "तुमच्या बापाला किती वेळ ताटकळत ठेवायचं?" पडद्यावर चौदाव्या गाण्याच्या रेघा उघड्या होत्या आणि सगळ्यात खालच्या रेघेला नाव दिलं होतं, रेजां. वडिलांचं नाव असं कॉम्प्युटरवर पाहायची सेड्रिकला अजून सवय झाली नव्हती. अल्बमचं नाव 'वाकडा ठेका', ते याच गाण्यावरून. पहिली तेरा गाणी मिळून एक अंडं उकडेल एवढ्या वेळात संपतात. चौदावं एकटं अकरा मिनिटांचं, आणि ते उभं होतं एका कॅसेटवर. दूर उत्तरेला, जंगलापलीकडच्या सागने मुलखातल्या त्यांच्या झाँकियेरच्या घरात, नव्या वर्षाच्या आदल्या संध्याकाळी, स्वयंपाकघरातल्या टेबलाखाली कुणीतरी टेपरेकॉर्डर ठेवला होता. वर खुर्चीत पपा. हनुवटीखाली नाही, छातीशी टेकवलेलं फिडल, म्हणजे व्हायोलिनच, पायांखाली एक फळी, आणि त्या फळीवर दोन्ही पायांचा ठेका, टाच चवडा टाच, टाच चवडा टाच. तिकडे फिडल वाजवणारा पायांनीच ड्रम वाजवतो. सेड्रिक तेव्हा सात वर्षांचा, त्याच टेबलाखाली, जोआनीच्या शेजारी. जोआनी त्याची मोठी बहीण. दोघांनी फळीला कान लावला होता, कारण तसं केलं की ठेका दातांत वाजायचा. त्याचं सगळं वाजवणं त्या फळीतून आलं होतं, असं तो मुलाखतींत सांगायचा, आणि ते खरं होतं.

तिकडच्या जुन्या धुना वाकड्याच असतात. एखादी मात्रा जास्त, एखादी कमी. जो तो आपल्या आजाकडून जशी आली तशी वाजवतो आणि कुणी सरळ करायला गेला तर हातघाईवर येतात. त्यामुळे लुडोविकने जेव्हा पपाच्या पायांचे ठोके मोजले आणि ते कुठल्याच हिशोबात बसेनात तेव्हा त्याला आश्चर्य वाटलं नाही, तो आनंदाने वेडा झाला. तिसऱ्या फेरीत उजवा पाय एक ठोका गाळतो. पाचव्यात दोन. पुढे ते गाळणं जवळजवळ येत जातं, पण नेमानं नाही. "नियम आहे," लुडोविक म्हणायचा, "आपल्याला सापडत नाही एवढंच. अरे, लोक दहा-दहा वर्षं शाळेत घासून असं काही लिहितात, आणि हा माणूस ट्रकची चाकं बदलून घरी येऊन वाजवत होता! हे शिकून येत नाही. पिढ्या लागतात याला." मग त्याने त्या गाळलेल्या ठोक्यांवर अख्खं गाणं उभं केलं. जिथे पपाचा पाय थांबतो तिथे सगळेच थांबतात, गिटार, ड्रम, आनूकचा घसा, एका श्वासाएवढी भीषण शांतता, आणि पुन्हा सगळं कोसळतं. ती जागा ऐकून माणसांच्या अंगावर काटा यायचा. सेड्रिकच्याही यायचा. त्याला वाटे, अभिमानाने.

"आज एक गंमत," आनूक म्हणाली. "नवं काहीतरी मिळालंय मला, आवाज वेगळे करता येतात. ऐका, हे नुसतं फिडल." फिडल वाजलं. सेड्रिक मान हलवत होता आणि दोन फेऱ्या झाल्यावर त्याची मान थांबली. फिडल सरळ होतं. कुठे काही कमी नाही, जास्त नाही, शाळेच्या वर्गात शिकवावं इतकं सरळ. "आणि हे नुसते पाय," आनूक म्हणाली. टाच चवडा टाच. टाच चवडा टाच. पहिल्या फेरीत लाकूड खणखणीत. दुसऱ्या फेरीत उजवा चवडा जरासा उशिरा. मग तिसऱ्यात तो गाळलेला ठोका आला, आणि तो गाळलेला नव्हता. फिडलखाली इतकी वर्षं झाकला गेलेला एक आवाज तिथे होता: खर्र. बुटाचं टोक फळीवरून घासत गेल्याचा. पाय उचलायला गेला होता आणि उचलला गेला नव्हता. पाचव्या फेरीत खर्र, खर्र. पुढे खर्र, आणि मधे पपाचा एक छोटासा श्वास, जिना चढताना घेतात तसा. "बघितलंस?" लुडोविक खुर्चीतून उठलाच. "हात सरळ वाजवतायत आणि पाय वाकडे! एकाच माणसाचे! अरे, काय डोकं असेल!" शेवटी फिडल थांबल्यावर स्वयंपाकघरात हशा झाला आणि काकांचा आवाज आला, "ए रेजां, पाय उचल की! पितोस कमी, झिंगतोस जास्त!" मग पपा, अगदी जवळून, टेबलाखालच्या दोघांना सांगितल्यासारखा: "झोपला वाटतं पाय." "याच्यावर संपवायचा अल्बम," लुडोविक म्हणाला. "बास. याच्यापुढे एक अक्षर नको. सेड? अरे, रडतोयस का काय?" सेड्रिकने मान हलवली. "पाणी पितो," तो म्हणाला. संडासात जाऊन त्याने नळ पूर्ण गरम केला आणि खाली हात धरले. मग उजव्या हाताची मूठ घट्ट आवळली, मनात तीनपर्यंत मोजलं, आणि उघडली. डोळे मिटूनच. उघडली की नाही हे त्याला बघायचं नव्हतं.

माणूस एकदा मागे वळून बघायला लागला की जे दिसायचं ते सगळं दिसतं. रेजां माल्तेचा हात सगळ्या गल्लीला माहीत होता. पपाने हस्तांदोलन केलं की पटकन सोडायचा नाही. पाहुणा दारात उभा, कोट घातलेला, गाडी चालू, आणि पपा हात धरून हसतोय. "रेजांने हात धरला की जेवल्याशिवाय सुटका नाही," असं लोक म्हणायचे, आणि खरंच माणसं परत आत यायची, कोट काढायची, पानावर बसायची. केवढा मायाळू माणूस! माल्त्यांचा हात, असं नावच पडलं होतं त्याला. पपा जेवता जेवता झोपायचा, चर्चमध्ये झोपायचा, एकदा सिग्नलला झोपला. आळशी म्हणून आई त्याला बोल बोल बोलायची. चाळिशीच्या आत टक्कल, चाळिशीच्या आत मोतीबिंदू. डॉक्टर म्हणाला होता, कमाल आहे, म्हाताऱ्यांचं दुखणं तुम्हाला. पायरीला पाय अडखळायचा म्हणून घरात सगळ्यांना सवय, पपा येतोय हे बुटाच्या आवाजावरून ओळखायची. आणि एका फेब्रुवारीत दारासमोरचा बर्फ काढताना तो फावड्यासकट खाली बसला, सेहेचाळीसचा, तो उठलाच नाही. हृदय, असं म्हणाले. तिकडे दर हिवाळ्यात बर्फ दोनचार बाप्यांना नेतोच, कुणी खोलात गेलं नाही. अंत्यविधीला सगळी गल्ली लोटली होती. जोआनी दाराशी उभी राहून एकेकाचा हात हातात घेत होती, आणि बाया डोळे पुसत म्हणत होत्या, बापाची माया उतरलीय हो पोरीत.

आणि स्टाइनर्ट हा स्नायूंचा पिढीजात आजार त्या भागात कुणाला माहीत नव्हता असं थोडंच आहे? गोऱ्यागोमट्या, एकमेकांत लग्नं केलेल्या त्या मुलखात तो घराघरातून फिरलेला. समोरच्या मादाम सिमारला होता. ती वाण्याच्या दुकानात शिरायची आणि दाराची मूठ तिला सोडायची नाही. वाणी स्वतः येऊन तिची बोटं एकेक करून उघडायचा, हवापाण्याच्या गप्पा मारत, जणू काही चाललंच नाहीये. पोरं ते बघत उभी राहायची. सेड्रिकही. पण तो मादाम सिमारचा होता, समोरच्या घरातला, रस्त्याच्या पलीकडचा. आपल्या घरात होती ती माया. घरी येताना बसमध्ये त्याने फोनवर वाचायला घेतलं. स्नायू आवळतात आणि सोडत नाहीत. थंडीत जास्त. वापरत राहिलं की थोड्या वेळात मोकळे होतात. इथे तो थांबला, कारण हे तर त्याचं घमेलं होतं. घोट्याची ताकद जाते, पाऊल उचलत नाही. हृदयाचा ठेका चुकतो. आईबापांपैकी एकाला असेल तर प्रत्येक मुलाला येण्याची शक्यता अर्धी. पुढच्या पिढीत लवकर येतो आणि जास्त घेऊन येतो; आणि आईकडून पोटातल्या बाळाला आला तर, असं पुढचं वाक्य सुरू होत होतं, आणि त्याने फोन उलटा करून मांडीवर ठेवला. थोड्या वेळाने त्याने बूट पाहिले. दोन्ही ऑक्टोबरात एकाच वेळी घेतलेले. डावा नवाकोरा. उजव्याचं टोक झिजून पांढरं झालेलं.

जोआनी चार महिन्यांची गरोदर होती. नवरा मार्तँबरोबर सहा वर्षं वाट पाहून, दोनदा गर्भपात होऊन गेल्यावर. तिकडे सागनेत, शिकुतिमीच्या पाळणाघरात ती दुसऱ्यांची पोरं सांभाळायची. त्याच आठवड्यात तिचा फोन आला. "सेड, झोपेने जीव जातोय रे माझा," ती म्हणाली. "काल पोरांना निजवता निजवता मीच निजले. उठून बघते तर मेल्यांनी माझ्या अंगावर सगळ्या टोप्या आणून रचलेल्या!" तो हसला. "डॉक्टर काय म्हणते?" "काय म्हणणार? पोटुशी बाई झोपाळू नसेल तर कोण असेल? तू बोल. अल्बमच्या लाँचला येतेय हं मी, मार्चमध्ये. मार्तँ म्हणतो एवढ्या बर्फात जंगलातून गाडी नको, पण मी येणार. पपा वाजवतोय म्हटल्यावर मी घरी बसू होय?" पपा वाजवतोय. त्याने तोंड उघडलं. आत्ता, असं त्याला वाटलं, आत्ता म्हण, जोआनी, एक तपासणी करून घे. पण ते म्हणायचं म्हणजे काय काय म्हणायचं! सहा वर्षांनी आलेल्या त्या आवाजातल्या सुखावर ओला फडका टाकायचा, तोही एका कॅसेटच्या खर्र आवाजावरून. आणि समजा नसलं तर? त्याच्या मनाने तिथल्या तिथे एक सौदा करून टाकला. घरात एकच तर नासका जिन्नस होता, पपाचा, आणि तो याच्या वाट्याला आला होता, हात सांगत होता, बूट सांगत होता. मग जोआनी सुटली. दोन पोरं, अर्धी शक्यता. एकाला आला म्हणजे दुसरं मोकळं. नाणं प्रत्येकासाठी वेगळं उडतं हे त्याला कळत होतं. गणितात तो ढ नव्हता. पण रात्री उशीवर हे वेडगळ गणितच त्याला झोप आणायचं, आणि खऱ्या गणिताने त्याचा जीव घाबरा व्हायचा. मला असू दे, तो म्हणायचा. देवावर त्याचा विश्वास नव्हता, ज्या देवाच्या नावाने तो दिवसभर शिव्या घालायचा त्यालाच तो म्हणायचा, सगळा मलाच असू दे. "ऐकतोयस ना?" जोआनी म्हणाली. "का झोपलास माझ्यासारखा?" "ऐकतोय," तो म्हणाला. "सावकाश गाडी चालव."

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. त्याने ती फेब्रुवारीभर झाकली. लुडोविकला सांगितलं नाही, कारण लुडोविक त्याला मिठी मारेल आणि दुसऱ्या दिवशी दुसरा ड्रमवाला शोधेल, आणि दोन्ही मनापासून करेल. आनूकला सांगितलं नाही, कारण ती विचारेल, बहिणीला सांगितलंस का? सरावाला तो सगळ्यांच्या आधी जाऊन घमेल्यात हात घालून बसायचा. हातांचं तो निभावून नेत होता. पायाचं निराळं होतं. चौदाव्या गाण्यात त्याला पपाचे गाळलेले ठोके गाळायचे होते, जाणूनबुजून, तिसऱ्या फेरीत एक, पाचव्यात दोन. ते त्याला तोंडपाठ होतं. पहिले काही दिवस तो ते गाळत होता. मग एका दुपारी तिसऱ्या फेरीत त्याने पाय थांबवला आणि त्याला प्रश्न पडला, मी थांबवला की तो थांबला? पाचव्यात त्याने मुद्दाम ठोका मारायचं ठरवलं, न गाळता, बघू तर खरं. पाय पेडलवरून उठला नाही. बुटाचं टोक रबरावर घासलं. बाकीचे दोघे त्या शांततेत बरोबर थांबले होते, कारण तिथे थांबायचंच होतं, त्यामुळे कुणालाच काही कळलं नाही. ज्या जागी त्याला थांबायचं होतं त्याच जागा पायाने निवडल्या होत्या, निदान त्या दिवशी तरी. उद्या तो कुठे थांबेल हे कुणी सांगावं? गाणं संपल्यावर लुडोविकने गिटार खाली ठेवली. "च्यायला, सेड," तो म्हणाला, आणि त्याचे डोळे भरले होते. "आज अगदी बापासारखा वाजवलास."

लाँच मार्चमधल्या एका शुक्रवारी, पाच ते सात, ऑफिसं सुटल्यावर, ओंतारियो रस्त्यावरच्या एका बारमध्ये. उजेड होता अजून. खिडक्यांवरून बर्फ वितळून टपकत होता. काळ्या शर्टांची गर्दी, मधेच टाय लावलेले दोनचार, लुडोविकची आजी कानांत कापूस घालून पहिल्या टेबलाशी. सहा वाजले तरी जोआनीचा पत्ता नव्हता. जंगलातल्या रस्त्यावर बर्फाचं वादळ आहे, असं कुणीतरी म्हणालं, आणि सेड्रिकची भीती तेवढ्यापुरती दुसऱ्या भीतीने झाकली गेली. घमेल्यातलं पाणी थंड झालं तरी तो हात काढेना. "सूप निवलं," आनूक म्हणाली, आणि मग त्याचा चेहरा बघून, "येईल रे. सागनेची बाई ती, बर्फ तिला भिऊन बाजूला होईल." ते वाजवायला लागले. पहिली तेरा गाणी अंगावरून गेली. हात मोकळे झाले, गरम, हलके, त्याला हवे तसे. मग चौदावं. आनूकने फक्त पाय सोडले सुरुवातीला, स्पीकरमधून पपाचे पाय, टाच चवडा टाच, आणि बारमधलं सगळं बोलणं थांबलं. त्याने मान वर केली तर दाराशी, कोटाची बटणं उघडी, पोट चांगलंच पुढे, जोआनी उभी होती. ती हसत होती आणि तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं. तिसऱ्या फेरीत पाय थांबला. पाचव्यात थांबला. सातव्यात, जिथे थांबायचं नव्हतं तिथेही एकदा थांबला, आणि लुडोविकने चमकून मागे पाहिलं, पण सेड्रिकला त्याचं काही वाटलं नाही. असू दे. हा घ्या, दिला. तो जोआनीकडे बघत वाजवत होता. ती धडधाकट दिसत होती, गालांवर रंग, बुटांना बर्फ. एवढं मोठं जंगल एकटीने ओलांडून आलेली बाई. सौदा पटलाय, त्याला वाटलं, आणि गेल्या कित्येक आठवड्यांत पहिल्यांदाच त्याला पोटभर श्वास घेता आला. शेवटी काका ओरडले, पाय उचल की, आणि बार हसला; मग पपा म्हणाला, झोपला वाटतं पाय, आणि कुणीच हसलं नाही. मग टाळ्या.

तो मंचावरून उतरला तेव्हा ती दाराशी नव्हती. गाडीतून काहीतरी आणायला गेली, लुडोविकच्या आजीने कानातला कापूस काढत सांगितलं. दोन मिनिटांत जोआनी परत आली, हातमोजे नाहीत, दोन्ही हातांत लोखंडी भांडं, टॉवेलमध्ये गुंडाळलेलं. "तूर्तिएर," ती धापा टाकत म्हणाली, "अख्खी. हरणाचं मटण पारीत भरून भाजलेली. शहरात उपाशी मरत असशील." भांडं तिने ड्रमच्या पेटीवर टेकवलं, आणि ते सोडायला तिला अंमळ वेळ लागला, टॉवेल सारखा करतेय असं वाटण्याइतकाच. मग तिने त्याचा हात धरला. बर्फासारखा गार हात, पण काय पकड! "सेड, मी टेबलाखाली होते रे," ती म्हणाली. "डोळे मिटले आणि मी फळीला कान लावून होते. आणि ऐक, हे बाळ आहे ना, अजून लाथ मारत नाही, डॉक्टर म्हणते शांत आहे फार. पण आज त्याला ऐकू गेलं असणार. गेलं असणार ना?" त्याने तिचा हात दाबला आणि सोडला. आनूक बियरचे ग्लास घेऊन त्यांच्यापाशी आली, दोघांच्या हातांकडे बघून हसली. "माल्त्यांचा हात म्हणतात तो हाच वाटतं? आता जेवल्याशिवाय सुटका नाही." "बघ ना," जोआनी म्हणाली. "अगदी पपावर गेलाय हा. सोड ना रे, कोट तरी काढू दे मला." तो खाली बघत होता. वाजवून तापलेला त्याचा हात सरळ होता, पाचही बोटं मोकळी, पसरलेली. तिची चार बोटं त्याच्याभोवती गच्च होती.

"जोआनी," तो म्हणाला, "मी धरलेलं नाही."

ती अजून हसतच होती.